काळा अ‍ॅम्प्लिफायर

रेडमंड,
९ मार्च २००३

प्रिय स्वानंदी,
अनेक आशीर्वाद.

ईमेलमधलं रोमन अक्षरांतलं मराठी वाचताना तुझं डोकं दुखतं, असं फोनवर इतक्यांदा ऐकवलंस की शेवटी आज कागद-पेन घेऊन बसलो. अक्षराला हसू नकोस. इतक्या वर्षांत चेकवरची सही सोडून हाताने काही लिहिलेलं नाही.

तुझ्याकडे काम आहे. नव्या घराची फॅमिली रूम तयार झाली. उंच छत, मोठी खिडकी, मस्त जागा आहे. आता टीव्हीच्या स्पीकरवर गाणी ऐकणं बास, एक नीट हाय-फाय घ्यायचं ठरवलंय. परवा बेलव्ह्यूच्या दुकानात गेलो तर त्या माणसाचा पहिलाच प्रश्न, अ‍ॅक्टिव्ह स्पीकर हवेत की पॅसिव्ह? मी आणि विनीता एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने बराच वेळ समजावलं, पण पार्किंग लॉटपर्यंत येताना डोक्यात काही उरलं नव्हतं. घरी आल्यावर नागपूरहून आई फोनवर म्हणाली, "अरे, मावसबहीण एवढी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, तिला विचारायचं सोडून दुकानदाराला काय विचारतोस?" तर सांग. मी साधा सॉफ्टवेअरवाला आहे, मला झेपेल अशा भाषेत सांग. विनीताची एकच अट आहे, खोलीत वायरींचं जंजाळ दिसायला नको.

तुझ्या ऑफिसचं ऐकून वाईट वाटलं होतं. टेलिकॉमवाल्यांची सगळीकडेच वाट लागली आहे, त्यात तुझा काय दोष? अमित सांगत होता, तू दिवसभर गॅरेजमध्ये सोल्डरिंग करत असतेस. चांगलं आहे. मन रमतं.

रुहीला गोड पापा.

तुझा,
परीक्षितदादा


प्लेनो,
२० मार्च २००३

प्रिय परीक्षितदादा,
सप्रेम नमस्कार.

अक्षराला हसले नाही. शरयूमावशीने तुझ्याकडून शुद्धलेखनाच्या वह्या भरून घेतल्या होत्या, ते वाया गेलं नाही एवढंच म्हणते.

आता तुझा प्रश्न. स्पीकर स्वतःहून वाजत नाही. त्याला ढकलायला ताकद लागते आणि ती ताकद अ‍ॅम्प्लिफायर देतो. पॅसिव्ह स्पीकर म्हणजे नुसता स्पीकर. अ‍ॅम्प्लिफायर वेगळा घ्यायचा, जाड वायरींनी जोडायचा, आणि दोघांचं एकमेकांशी जमतंय का ते आपण बघायचं. अ‍ॅक्टिव्हमध्ये अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या खोक्यातच बसवलेला असतो. कंपनीने पत्रिका जुळवूनच लग्न लावून दिलेलं असतं. मागची पिन भिंतीत लावली, सीडी प्लेअर जोडला, झालं.

मला स्वतःला पॅसिव्ह आवडतात. अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर तेवढाच उघडून दुरुस्त करता येतो, पुढे आणखी चांगला मिळाला तर बदलता येतो. अ‍ॅक्टिव्हच्या पोटात काही जळलं की पूर्ण खोकं कंपनीकडे पाठवावं लागतं. पण ही माझी आवड झाली. तुमचं घर, विनीतावहिनीची अट आणि तुझा आळस बघता तू अ‍ॅक्टिव्ह घे. आवाजात कुठे कमी पडणार नाहीत. हे मनापासून सांगतेय.

आणखी एक. गॅरेजमध्ये मी मन रमवायला बसत नाही. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर करतेय. पहिला झालाय. उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवलाय, दिसायला ओबडधोबड आहे, पण वाजतो असा की अमितने शेजारी ड्रिल चालवलं तेव्हा मी त्याच्या अंगावर ओरडले. असे अ‍ॅम्प्लिफायर हाताने करून विकणारे लोक इथे आहेत आणि घेणारेही आहेत. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या कंपनीसाठी सर्किटं तपासली. आता नोकरी शोधायची नाही, हेच उभं करायचं असं ठरवलंय.

मावशीला नमस्कार. वीरला आशीर्वाद.

तुझी,
स्वानंदी


रेडमंड,
१५ एप्रिल २००३

प्रिय स्वानंदी,
अनेक आशीर्वाद.

ठरलं. पॅसिव्ह घेतोय आणि अ‍ॅम्प्लिफायर तू करून द्यायचास.

तू अ‍ॅक्टिव्ह घे म्हणालीस ते कळलं, पण बहीण करत असताना भावाने बाजारातला घ्यायचा? यार, काहीतरीच काय! मी तुझं पहिलं गिऱ्हाईक. भाऊ म्हणून फुकट घेणार नाही, चेक सोबत आहे.

विनीताला मात्र तो काळा हवाय. आमचं शेल्फ काळं चकचकीत आहे, त्यावर उघडा पत्रा शोभणार नाही म्हणते. रंग देता येईल ना? वेळ हवा तेवढा घे.

परीक्षितदादा


प्लेनो,
२ सप्टेंबर २००३

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

अ‍ॅम्प्लिफायर काल पाठवला. जड आहे, एकट्याने उचलू नकोस. गॅरेजमध्ये या उन्हाळ्यात पंखा लावूनसुद्धा घाम सर्किटवर टपकायचा. कपाळाला रुमाल बांधून काम केलं. रुही म्हणाली, "आई, यू लुक लाइक अ पायरेट."

रंग भट्टीत भाजून घेतलाय. इतका सुरेख दिसतोय की यापुढचे सगळे काळेच करणार आहे.

आता नीट वाच. रंग दिलेला हा पहिलाच. माझ्या टेबलावर मी तो खालचं झाकण काढून तपासलाय, पण झाकण लावून, पूर्ण तापेपर्यंत चालवलेला नाही. तुझी पेटी पाठवायला आधीच फार उशीर झाला होता आणि माझ्या गॅरेजमध्ये घराच्या एअर कंडिशनरचा आवाज इतका की बारीक काही ऐकूच येत नाही. म्हणून हे काम तुझ्याकडे सोपवतेय. तास-दीड तास चालू ठेव. मग गाणं बंद कर, घरातलं सगळं बंद कर आणि स्पीकरला कान लाव. 'घूं' असा बारीकसा आवाज येतोय का? डावीकडून, उजवीकडून, कसाही. आला तर लगेच सांग, माझी काळजी करू नकोस. दुरुस्त करता येईल. पण कळलं पाहिजे. सर्किटच्या याच नकाशावर मी पुढचे करणार आहे.

आणि स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नकोस.

स्वानंदी


रेडमंड,
५ ऑक्टोबर २००३

प्रिय स्वानंदी,
अनेक आशीर्वाद.

काय वस्तू केलीस! पेटी उघडली तेव्हा विनीता म्हणाली, ही तर शोकेसमध्ये ठेवायची चीज आहे. व्हॉल्व्ह पेटले की खोलीत दिवाळीच. पावसाळी संध्याकाळी त्याच्यासमोर बसलं की उठावंसं वाटत नाही.

आणि आवाज! काय सांगू, मला शब्द नाहीत. तबल्याचा बायां असा की छातीत वाजतो. गाणारा माणूस समोर येऊन बसल्यासारखा वाटतो. मागच्या रविवारी ऑफिसचे मित्र आले होते, सगळे थक्क झाले.

तू सांगितलंस तसं तास-दीड तास ठेवून बघितलं. घूं नाही, घां नाही. पूर्ण शांत. निर्धास्त राहा आणि जोरात कामाला लाग.

माझं हे पत्र कुणाला दाखवायचं असेल तर खुशाल दाखव.

परीक्षितदादा


प्लेनो,
१८ फेब्रुवारी २००४

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र खरंच वापरलं. त्याचा इंग्रजी तर्जुमा करून माझ्या माहितीपत्रकावर छापलाय, 'रेडमंडच्या एका ग्राहकाचा अनुभव' म्हणून. भाऊ आहेस हे लिहिलं नाही, तेवढी लबाडी केली. ह्यूस्टन, एडिसन, शिकागो, जवळच्या फ्रिस्कोमध्येही एक, असे काळे अ‍ॅम्प्लिफायर गेले. आणखी मागण्या आहेत. गॅरेजमध्ये आता गाडी मावत नाही, अमित ती बाहेर उभी करतो आणि कुरकुरतही नाही.

एक विचारायचं होतं. एडिसनला देवस्थळी म्हणून एक गृहस्थ आहेत, मनोहर देवस्थळी. सत्तरीचे, औषध कंपनीतून रिटायर झालेले, एकटेच राहतात. त्यांचं म्हणणं, बराच वेळ ऐकल्यावर घूं येतो. मी माझा उघड्या पत्र्याचा अ‍ॅम्प्लिफायर दिवसभर चालवून बघितला, काही नाही. रंग दिलेला माझ्याकडे शिल्लक एकही नाही, झाला की लगेच जातो. त्यांना म्हटलं, परत पाठवता का, तर म्हणाले, "अहो, मला ते धूड उचलवत नाही."

तुझा पूर्ण शांत आहे म्हणजे नकाशात दोष नसावा. त्यांच्या घराचं वायरिंग जुनं असेल. तरी माझ्यासाठी पुन्हा एकदा ऐकशील का? हिवाळ्यात खिडक्या बंद असतात, नीट कळेल. तू सांगशील त्याप्रमाणे मी त्यांना उत्तर देणार आहे.

स्वानंदी


रेडमंड,
४ मार्च २००४

प्रिय स्वानंदी,

ऑफिसात रिलीजची धावपळ आहे म्हणून चारच ओळी. पुन्हा बघितलं. अजिबात काही नाही. तुझे ते देवस्थळीकाका वयस्कर आहेत, कान वाजत असतील. अशा लोकांच्या मागे लागलीस तर धंदा कधी करणार?

वीरची मुंज जुलैत ठरतेय. आई त्यासाठी येणार आहे. तुम्ही तिघांनी यायचंच.

परीक्षितदादा


प्लेनो,
८ ऑगस्ट २००४

परीक्षितदादा,

मुंजीहून परत आल्यावर तू दोनदा फोन केलास, मी घेतला नाही. फोनवर अमित आणि रुही शेजारी असतात, म्हणून लिहितेय.

मुंजीच्या दुपारी पाहुणे जेवत होते. तू शेजारच्या जोडप्याला फॅमिली रूममध्ये घेऊन आलास आणि म्हणालास, "माय सिस्टर बिल्ट धिस." व्हॉल्व्ह पेटलेले होते, सनई लागली होती. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. मावशी माझा हात धरून म्हणाली, "बघ, किती कौतुक आहे तुझ्या भावाला!"

अ‍ॅम्प्लिफायरला चिकटून कुणीतरी फुलदाणी ठेवली होती. तापलेल्या काचेला पाणी लागलं तर तडकेल म्हणून मी ती उचलायला गेले आणि मागे वाकले. स्पीकरच्या वायरी जिथे लावायच्या त्या स्क्रूंवर मी पॅक करताना घातलेल्या लाल-काळ्या प्लास्टिकच्या टोप्या होत्या. चारही तशाच. मग मी तुझे स्पीकर बघितले. प्रत्येकाची स्वतःची पिन भिंतीत लावलेली होती.

माझा अ‍ॅम्प्लिफायर तू दिवा म्हणून लावला होतास. त्याने तुझ्या घरात एक सूरही वाजवलेला नाही. पहिल्याच पत्रात मी तुला अ‍ॅक्टिव्ह घे म्हटलं होतं. घेतलेस याचं मला काहीच नाही.

मी फुलदाणी बाजूला ठेवली, पानावर जाऊन बसले, मावशीने वाढलेलं श्रीखंड खाल्लं. वीरची मुंज होती.

इथे आल्यावर फ्रिस्कोच्या गिऱ्हाइकाकडे जाऊन त्याचा अ‍ॅम्प्लिफायर उचलून आणला, झाकण लावून चालवला आणि एअर कंडिशनर बंद करून गॅरेजमध्ये बसले. चांगला तापल्यावर घूं आला. उघडून बघितलं. सगळ्या वायरी जिथे एकत्र येऊन पत्र्याला जोडल्या जातात, त्या बोल्टखाली रंग होता. पत्रा तापून ताणला की तिथला जोड सैल होतो. माझ्या उघड्या पत्र्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा दोष येणंच शक्य नव्हतं. रंग दिलेला पहिला तुझा, तिथेच तो सगळ्यांच्या आधी कळला असता.

मी झाकण लावून तपासलं नाही, ही चूक माझी. ती तुझ्यावर ढकलत नाही. पण मी तुला विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं.

देवस्थळींना मार्चमध्ये मी फार तोडून बोलले होते. "काका, दुसऱ्या घरी हाच अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण शांत आहे. तुम्ही इलेक्ट्रिशियन बोलवा." त्यांनी बोलवला. खोलीचं वायरिंग बदलून घेतलं. तरी घूं येतच राहिला, तेव्हा त्यांना वाटलं आपलेच कान गेले. कानाच्या डॉक्टरकडे खेपा घातल्या. डॉक्टर म्हणाले, या वयात असं व्हायचंच. परवा मी फोन करून खरं सांगितलं ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तो आवाज खरा होता?"

"हो काका. माझी चूक झाली. मी स्वतः येते, दुरुस्त करून देते."

"नको," म्हणाले. "आता दुरुस्त करून काय करू? मला घरात सगळीकडेच तो ऐकू येतो. खरा कुठला ते कळत नाही. तुम्ही माणूस पाठवून घेऊन जा."

सगळ्यांना मी कळवलंय. ह्यूस्टनच्या माणसाने इंटरनेटवर लिहिलं की या बाईंचं माहितीपत्रक खोटं आहे. त्यात खोटं असं फक्त तुझं पत्र आहे.

एवढंच सांग, का?

स्वानंदी


रेडमंड,
२२ ऑगस्ट २००४

प्रिय स्वानंदी,

तुझं पत्र मिळालं. विनीताला दाखवलं नाही. आईला तर नाहीच.

तू 'का' असं विचारतेस म्हणून सांगतो. मी खोटं बोललो ते स्वतःसाठी नाही. तुझी नोकरी गेली होती. तू इंटरव्ह्यू देईनाशी झाली होतीस, दिवसभर गॅरेजमध्ये. तुझं ते अ‍ॅक्टिव्ह घे म्हणणारं पत्र आलं आणि आम्ही तेच घेणार होतो. मग अमितचा फोन आला. तुझ्याच नवऱ्याचा. म्हणाला, "दादा, एक अ‍ॅम्प्लिफायर तिला करायला सांगा. चेक मी तुम्हाला देतो. तिला वाटू दे कुणाला तरी हवाय. थोडे दिवस छंद करेल, बरं वाटेल तिला, मग आपणहून नोकरीकडे वळेल." मी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत, माझेच दिले, तेवढं तरी लक्षात घे.

अ‍ॅक्टिव्ह विनीताने आधीच पसंत केले होते. म्हटलं, पुढे कधी पॅसिव्ह घेऊन वरच्या खोलीत लावू. राहून गेलं. तू घूं येतो का विचारलंस तेव्हा काय लिहिणार होतो? स्पीकरच नाहीत म्हणून? तुझ्या हाताला इतकं यश आहे की नसेलच येत, असं वाटलं. तुला उभारी यावी म्हणून छान लिहिलं. घरच्या माणसांनी दुसरं काय करायचं असतं? आणि आली ना उभारी? ऑर्डरी आल्या ना?

तू याचा एवढा मोठा धंदा करशील असं आम्हाला दोघांनाही वाटलं नव्हतं.

हे मी लिहिलं असं अमितला बोलू नकोस, प्लीज. त्याने तुझ्या भल्यासाठीच केलं.

परीक्षितदादा


रेडमंड,
१६ जानेवारी २००५

प्रिय स्वानंदी,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या कार्डाला उत्तर नाही, फोन अमित घेतो आणि नुसतं हं-हं करतो. आई नागपूरहून विचारते, नंदी माझ्याशीही का बोलत नाही? तिला काय सांगू?

नाताळच्या सुट्टीत कर्कलंडच्या एका माणसाकडून जुने पॅसिव्ह स्पीकर आणले. टोप्या काढल्या, वायरी लावल्या. माझ्याकडून दोनदा उलटसुलट लागल्या, वीरने दुरुस्त केल्या. मग ऐकत बसलो. स्वानंदी, काय वाजतो गं तो! इतके दिवस मी नुसतं अंदाजाने लिहिलं होतं, ते खरंच तसंच आहे.

तासाभराने गाणं संपलं तर खोलीत काहीतरी चालू राहिल्यासारखं वाटलं. आधी मला वाटलं फ्रिज. विनीता स्वयंपाकघरातून म्हणाली, "हा कसला आवाज?" कान लावायची गरजच पडली नाही. डाव्या स्पीकरमधून अगदी स्पष्ट येत होता.

पहिल्याच दिवशी कळलं असतं. ते मला आता कळतंय.

पण झालं गेलं, स्वानंदी. तू हुशार आहेस, तुला पुन्हा उभं करायला काय लागतंय? हवं तर मी पुन्हा लिहून देतो, या वेळी ऐकून. आणि तो आवाज जाण्यासाठी काय करायचं ते कळव, मी करीन.

परीक्षितदादा


प्लेनो,
६ मार्च २००५

परीक्षितदादा,

पिन भिंतीतून काढ आणि पूर्ण एक दिवस हात लावू नकोस, आतला करंट लगेच मरत नाही. झाकण काढलं की डाव्या कोपऱ्यात एक जाड बोल्ट दिसेल, त्यावर बऱ्याच वायरी आहेत. तो काढून त्याच्याखालचा रंग सॅंडपेपरने घासायचा, पांढरा पत्रा दिसेपर्यंत. मग घट्ट आवळायचा. स्वतः करू नकोस, माहीतगार माणसाकडून करून घे. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यानंतर घूं येणार नाही. तो ठेव, नाहीतर कुणाला देऊन टाक. कसा वाजतो ते मला कळवू नकोस. लिहूनही काही देऊ नकोस.

परत आलेले सगळे मी असेच दुरुस्त केले. दोघांनी पुन्हा घेतले, बाकीच्यांनी नको म्हटलं. देवस्थळीकाकांचा माझ्याकडेच आहे. फेब्रुवारीपासून नोकरी करतेय, रिचर्डसनला. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरच्या पोटात बसणारे अ‍ॅम्प्लिफायर तपासते. गॅरेजमध्ये अमित गाडी लावतो.

तू म्हणालास अमितला बोलू नको. मी त्याच दिवशी बोलले. तो म्हणाला, "मग काय करायला हवं होतं मी? तू जेवत नव्हतीस." मी म्हटलं, "तुला माझा अ‍ॅम्प्लिफायर आवडत नव्हता तर तसं सांगायचंस. मी भांडले असते, पण मला कळलं असतं मी कुठे उभी आहे." तर म्हणाला, "आवडतच होता. पण त्यावर घर चालेल असं वाटलं नाही." आता तो आवडत होता म्हणतो, तेही मी खरं धरू शकत नाही. आमचं घर चाललंय. तो भाजी चांगली झाली म्हणतो तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघते. त्याला ते कळतं आणि तो ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसतो. तुम्ही दोघांनी मला बरं वाटावं म्हणून जे केलंत त्याचं हे झालं.

मावशीला मी फोन केला. रुही आजारी होती म्हणून बोलले नाही, असं सांगितलं. रुही आजारी नव्हती. तुझ्यासाठी खोटं बोलायचं माझ्याही वाट्याला आलं.

मागच्या आठवड्यात रुहीच्या शाळेचा कार्यक्रम झाला. ती व्हायोलिन वाजवते. गाडीत बसल्याबरोबर तिने विचारलं, "हाउ वॉज आय?" अमित म्हणाला, "ऑसम, बेटा! द बेस्ट!" तिचं त्यावर समाधान झालं नाही, ती मागच्या सीटवरून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "पहिलं छान झालं. दुसऱ्या गाण्यात मधला भाग बेसूर होता, सूर खाली जात होता." तिचे डोळे भरले. ती खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर अमित म्हणाला, "नऊ वर्षांची आहे ती. थोडं गोड बोललीस तर काय बिघडतं तुझं?"

काय बिघडतं? त्याला ते अजून कळलेलं नाही आणि तुलाही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डबा भरत होते, तर रुही बूट घालून, दप्तर पाठीला लावून स्वयंपाकघरात आली. हातात व्हायोलिन होतं. तेवढाच भाग वाजवला आणि म्हणाली, "नाऊ?"

मी डबा ठेवून ऐकलं. "अजून थोडा खाली आहे," म्हटलं.

तिने दप्तर जमिनीवर टाकलं आणि पुन्हा वाजवायला लागली. स्कूल बस चुकली. मी तिला गाडीने सोडलं आणि तिथूनच कामावर गेले.

स्वानंदी